टीव्हीतला लाल रंग कुठे गेला?

जुन्या रंगीत दूरचित्रवाणी संचात बिघाड झाला की तो बहुधा आधी पडद्यावर दिसतो, आणि ज्याला पडदा नीट वाचता येतो त्याला मागचे झाकण उघडण्यापूर्वीच बिघाडाची जागा निम्म्याहून अधिक कळलेली असते. येथे विचार आहे तो पाठीमागे पोट असलेल्या, काचेच्या पिक्चर ट्यूबवर चालणाऱ्या संचांचा. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनजसारख्या गावात असा संच कुठे माळ्यावर पडलेला असतो, कुठे शोकेसमध्ये फुलदाणीखाली असतो, तर कुठे अजून चालतही असतो. अशा संचांपैकी काही वाशीम जिल्ह्याहून वयाने मोठे आहेत, कारण हा जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी आणि भारतात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते त्याच्या सोळा वर्षे आधी.

१५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शनने स्वातंत्र्यदिनाचा सोहळा रंगीत दाखवला, त्याच वर्षी १९ नोव्हेंबरपासून दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या, आणि शहरांत रंगीत संचांची मागणी वाढली. पुढे १९८७ मध्ये ‘रामायण’ आणि १९८८ मध्ये ‘महाभारत’ रविवारी सकाळी दिसू लागल्यावर खेड्यांतही रंगीत संच ही प्रतिष्ठेची वस्तू झाली. मुंबईची ओनिडा, औरंगाबादजवळच्या चितेगावात कारखाना असलेली व्हिडिओकॉन, शिवाय बीपीएल, क्राऊन, फिलिप्स अशी नावे तेव्हा घरोघर माहीत होती. कंपन्या वेगळ्या असल्या तरी आतली रचना मात्र बरीचशी सारखी असे, आणि म्हणूनच तालुक्याच्या गावातला एक दुरुस्ती करणारा माणूस कोणत्याही कंपनीचा संच हाती घेऊ शकत असे.

प्रक्षेपण केंद्रापासून दूरच्या गावांत पहिला प्रश्न असे तो बिघाड संचात आहे की हवेत, हाच. छपरावर लोखंडी पाइपला बांधलेला अँटेना वाऱ्याने फिरला की पडद्यावर मुंग्या येत, म्हणजे पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची वळवळ दिसे, आणि त्याच वेळी चित्रातले रंगही जात. रंग गेले म्हणून पुष्कळ जण संच उचलून दुकानात नेत, पण तो बिघाड नसून संचाची हुशारी असे. रंगाचा संदेश फार क्षीण झाला तर त्यातून चुकीचे, चमचमणारे रंग दिसण्याऐवजी रंगांचा मार्गच बंद व्हावा अशी सोय प्रत्येक रंगीत संचात केलेली असते, आणि तिला तंत्रज्ञ ‘कलर किलर’ म्हणतात. तेव्हा मुंग्या आणि रंगहीन चित्र एकत्र दिसले तर आधी छपराकडे पाहावे, हा नियम होता. आता दूरदर्शनची जमिनीवरून होणारी जुन्या पद्धतीची प्रक्षेपणे जवळपास सगळी बंद झाली असून जुन्या संचाला चित्र मिळते ते डीडी फ्री डिशसारख्या सेट टॉप बॉक्समधून, पिवळ्या पिनेच्या वायरीने. येथेही तसाच एक चकवा आहे. बॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘पाल’ऐवजी ‘एनटीएससी’ ही दुसरी रंगपद्धत निवडली गेली असेल तर फक्त पाल पद्धत ओळखणारा जुना संच चित्र कृष्णधवल दाखवतो, कधी ते वरखाली पळवतोही, आणि संच मात्र ठणठणीत असतो.

पाल म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय पुढची तपासणी कळणार नाही. रंगीत प्रक्षेपण सुरू करताना जगभर एक अट पाळली गेली, ती अशी की लोकांच्या घरातले कृष्णधवल संच बाद होता कामा नयेत. त्यामुळे रंगीत चित्रातही मुख्य संदेश उजेड-अंधाराचाच ठेवला गेला आणि रंगांची माहिती त्याच्यावर वेगळी चढवली गेली, जशी साध्या रेखाचित्रावर पातळ रंगाची पुटे द्यावीत. हा उजेडाचा संदेश लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांतून सारख्या प्रमाणात घेतलेला नसतो. मानवी डोळ्याच्या स्वभावानुसार त्यात लालाचा वाटा सुमारे ३० टक्के, हिरव्याचा ५९ टक्के आणि निळ्याचा अवघा ११ टक्के असतो. त्याच्या जोडीला ‘लाल वजा उजेड’ आणि ‘निळा वजा उजेड’ असे दोन फरकसंदेश ४.४३ मेगाहर्ट्‌झच्या उपवाहक लहरीवर बसवून पाठवले जातात, आणि हिरव्याचा फरक संच या दोहोंवरून स्वतःच काढतो. जर्मनीतील टेलिफुंकन कंपनीचे अभियंते वाल्टर ब्रूख यांनी १९६३ मध्ये जी पद्धत मांडली तिच्यात लालाचा फरकसंदेश एका ओळीत सरळ आणि पुढच्या ओळीत उलटा पाठवला जातो, ज्यायोगे वाटेत रंगाला लागलेली चूक दोन ओळींत परस्परविरुद्ध होऊन कटते. हीच पाल पद्धत असून भारताने १९८२ मध्ये तिचाच स्वीकार केला.

या सगळ्यातून दुरुस्तीच्या दृष्टीने कामाची गोष्ट एकच निघते, ती म्हणजे रंगीत संचाच्या पोटात एक पूर्ण कृष्णधवल संच बसलेला असतो आणि रंगाचे बटण शून्यावर नेले की तो एकटा समोर येतो. चित्रात लाल रंग दिसत नाही अशी तक्रार असेल तर सर्वप्रथम हेच करावे. रंग पूर्ण उतरवल्यावर चित्र स्वच्छ करड्या छटांचे दिसले, म्हणजे पांढरा सदरा पांढराच दिसला, तर पिक्चर ट्यूबमधल्या, प्रत्येक रंगासाठी एक अशा तिन्ही इलेक्ट्रॉन गन ठीक आहेत आणि दोष रंग उलगडणाऱ्या भागात आहे. उलट रंग उतरवूनही सदरा निळसर-हिरवट दिसत राहिला तर रंग उलगडणाऱ्या भागाचा काही संबंध नाही, कारण त्याचे काम आता थांबलेलेच आहे. मग दोष एक तर पिक्चर ट्यूबमध्ये असतो किंवा तिच्या मानेवर बसवलेल्या छोट्या किटमध्ये, म्हणजे सर्किट बोर्डमध्ये, ज्याला दुरुस्तीच्या बोलीत ‘ट्यूब बेस’ म्हणतात. एका बटणाने शोधाचे क्षेत्र निम्मे होते, तरीही ही तपासणी न करताच मुख्य किटवरचा आयसी बदलणारे कमी नाहीत.

कोणता रंग गेला हे ओळखणे वाटते तितके सोपे नसते. डोळा समोर दिसणाऱ्या रंगांशी लवकर जुळवून घेतो, आणि निळा गेला तर उजेडात फक्त ११ टक्के घट होत असल्याने घरच्यांना कित्येक दिवस केवळ चित्र जरा पिवळट झाल्यासारखे वाटत राहते. हिरवा गेला तर मात्र चित्र एकदम जांभळट आणि अंधारे होते. येथे जुन्या प्रेक्षकांच्या ओळखीचे उभे रंगपट्टे उपयोगी पडतात, जे डीव्हीडीवरूनही दाखवता येतात. त्यांचा क्रम डावीकडून पांढरा, पिवळा, आकाशी, हिरवा, जांभळट गुलाबी, लाल, निळा आणि काळा असा उतरत्या उजेडाचा असतो. निळी गन बंद असेल तर पांढऱ्याचा पिवळा, आकाशीचा हिरवा, गुलाबीचा लाल आणि निळ्याचा काळा होतो, त्यामुळे शेजारशेजारचे दोन-दोन पट्टे सारखे होऊन आठाऐवजी चारच रुंद पट्टे दिसतात. लाल बंद असेल तर सारखेपणा एकाआड एक येतो, म्हणजे आकाशी, हिरवा, पुन्हा आकाशी, हिरवा, आणि मग निळा, काळा, निळा, काळा. हिरवा बंद असेल तर डावीकडचे चार पट्टे उजवीकडच्या चारांची हुबेहूब नक्कल करतात. पट्ट्यांची मांडणीच अशी बेतलेली आहे की निळा प्रत्येक पट्ट्याला, लाल दर दोन पट्ट्यांना आणि हिरवा दर चार पट्ट्यांना चालू-बंद होतो. हे एकदा ध्यानात आले की रंगांची नावे आठवण्याचीही गरज उरत नाही.

समजा लाल गेला आहे आणि रंग उतरवूनही आकाशी झाक कायम आहे. आता झाकण उघडावे लागते, आणि हे काम जाणकाराचेच आहे. एकवीस इंची संचात पिक्चर ट्यूबच्या बाजूला बसवलेल्या रबरी टोपीखाली सुमारे २५,००० व्होल्टचा दाब असतो आणि ट्यूबची काच स्वतःच मोठ्या कंडेन्सरसारखी वागत असल्याने हा दाब संच बंद केल्यावरही शिल्लक राहू शकतो. त्याशिवाय बऱ्याच जुन्या संचांचा काही भाग थेट विजेच्या लाइनशी जोडलेला असतो. जाणकार माणूस म्हणूनच आधी प्लग काढतो, ट्यूबच्या पाठीवरच्या उघड्या तारेला जोडलेल्या स्क्रू ड्रायव्हरने टोपीखालचा दाब उतरवतो, आणि मान तुटली तर ट्यूब आत कोसळून काचा उडतील हे ध्यानात ठेवून तिच्याजवळ हात जपून नेतो. मागे काम करताना पुढचे चित्र पाहता यावे म्हणून तो संचासमोर आरसा ठेवतो, हे ज्यांनी दुरुस्तीच्या दुकानात वेळ काढला आहे त्यांना आठवत असेल.

ट्यूब बेसवर लाल, हिरवा आणि निळा अशा तिघांसाठी तीन एकसारखी मंडले असतात. प्रत्येकात एक ट्रान्झिस्टर, एक मोठा रेझिस्टर आणि बारीकसारीक काही भाग, आणि तिघांनाही सुमारे १८० ते २०० व्होल्टचा पुरवठा. बिघाड शोधणाऱ्याला यापेक्षा मोठी मदत मिळणे कठीण, कारण सर्किटचा नकाशा हाती नसला तरी दोन निरोगी भावंडे तिसऱ्याचे माप सांगायला जागेवर हजर असतात. हिरव्या आणि निळ्या ट्रान्झिस्टरवर १२०-१३० व्होल्ट येत असतील आणि लालावर पुरवठ्याइतकाच १८० व्होल्ट दिसत असेल, तर तो ट्रान्झिस्टर काम करत नाही. गनच्या कॅथोडवर, म्हणजे जिथून इलेक्ट्रॉन निघतात त्या टोकावर, दाब जितका जास्त तितके इलेक्ट्रॉन कमी सुटतात, म्हणून लाल नाहीसा झाला. येथे नवशिका हमखास फसतो. मोठा रेझिस्टर जळून तुटला तर लाल जाईल असे त्याला वाटते, प्रत्यक्षात घडते उलटेच. रेझिस्टर तुटल्याने कॅथोडचा दाब कोसळतो, लाल गन पूर्ण उघडते आणि सगळा पडदा लालभडक होऊन त्यावर तिरप्या रेषा उमटतात. या रेषा म्हणजे किरण एक चित्र संपवून परत वर जाताना पडणारा त्याचा माग होय, जो एरवी झाकलेला असतो. लालभडक पडद्याचे दुसरे कारण ट्यूबच्या आत कॅथोड आणि त्याला तापवणारी तार एकमेकांना चिकटणे हे असू शकते. दोहोंत फरक करायचा तर संच बंद करून, दाब उतरवून ट्यूब बेस मानेवरून काढावा आणि ट्यूबच्या कॅथोड व तापतारेच्या पिनांमध्ये मीटर लावावा. जोड ट्यूबमध्येच दिसला तर किटवरचे भाग बदलण्यात अर्थ नाही.

विदर्भातल्या संचांत या सगळ्याहून अधिक वेळा सापडते ते एक अगदी मामुली कारण, ज्याला दुरुस्तीवाले ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. किटच्या पाठीवर प्रत्येक भागाचे पाय कथिलाच्या थेंबाने जोडलेले असतात. उन्हाळ्यात बाहेरच पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, संचाच्या आत तो त्याहून चढतो, रात्री पुन्हा उतरतो, आणि वर्षानुवर्षे ही चढउतार सोसून तापणाऱ्या पायांभोवती कथिलात केसाएवढी गोल भेग पडते. डोळ्याला थेंब शाबूत दिसतो, पण भिंग धरले तर पायाभोवती काळसर कडे दिसते, जणू नखाभोवतीची मळाची रेघ. संच गार असताना लाल दिसतो, अर्ध्या तासाने जातो, संचाला थाप मारली की परत येतो. टीव्हीला थाप मारून तो चालू करण्याची घरोघरची विद्या हास्यास्पद मानली जाते, पण निदान म्हणून ती बरोबर होती. थापेने फरक पडतो म्हणजे दोष भागांत नसून जोडात आहे. अनुभवी हात थापेऐवजी कोरड्या लाकडी काडीने ट्यूब बेसवर हलके टिचके मारत जातो, ज्या टिचकीने पडदा लुकलुकतो तिथला थेंब प्लग काढून पुन्हा वितळवतो, आणि काम संपते. नवा भाग लागत नाही.

रंग हळूहळू जात असेल तर संशय ट्यूबवर घ्यावा. मानेत डोकावले तर तीन तापतारांचा नारिंगी उजेड दिसतो, त्यांना ६.३ व्होल्ट मिळतात, आणि त्यांच्या उष्णतेने कॅथोडवरच्या लेपातून इलेक्ट्रॉन सुटतात. हा लेप वापराने झिजतो, आणि तीन गन सारख्याच वेगाने झिजतात असे नाही. लाल गन थकलेली असेल तर संच लावताच चित्र आकाशी दिसते, पाच-दहा मिनिटांनी लाल येऊ लागतो, आणि तरीही भडक लाल जागा ठळक न होता उजवीकडे ओघळल्यासारखी पसरते. ‘ट्यूब उतरली’ असे म्हणतात ते याला. त्यावर बाजारात एक देशी उपाय रूढ होता. जिथून पिक्चर ट्यूबचा उच्च दाब तयार होतो त्या एलओटी नावाच्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर वायरीचा एक जादा वेढा घालून तापतारांचा दाब वाढवायचा. चित्र काही महिने उजळते, मग लेप अधिक लवकर संपतो. हा उपाय म्हणजे ट्यूबचे उरलेले आयुष्य आगाऊ खर्च करणे आहे, आणि विकण्यापूर्वी जुना संच उजळवण्यासाठीही तो वापरता येत असल्याने घेणाऱ्याने सावध असावे.

लाल पूर्ण न जाता एका कोपऱ्यात हिरवट किंवा जांभळट डाग पडत असेल तर गोष्ट निराळी. पडद्यामागे बारीक छिद्रांची एक पातळ पोलादी जाळी असते, जी प्रत्येक गनचा किरण त्याच्याच रंगाच्या ठिपक्यावर पडू देते. जाळीला चुंबकत्व चढले की किरण शेजारच्या ठिपक्यावर घसरतात. ते उतरवण्यासाठी ट्यूबभोवती एक वेटोळे असते, संच लावताक्षणी घुमल्यासारखा आवाज येतो तो त्याचाच. त्याचा प्रवाह एका भागातून जातो जो गार असताना वीज भरपूर जाऊ देतो आणि तापला की अडवतो. लोडशेडिंगमध्ये वीज जाऊन दोन मिनिटांत परत आली तर तो भाग अजून गरमच असतो, वेटोळे काम करत नाही. संच फक्त रिमोटने बंद करण्याची सवय असेल तरी पुष्कळ संचांत हेच होते. मुख्य बटण बंद करून अर्धा तास थांबावे, असे दोन-तीनदा करावे, आणि टीव्हीला खेटून ठेवलेला स्पीकर किंवा स्टॅबिलायझर चार हात दूर न्यावा. स्टॅबिलायझरच्या ट्रान्सफॉर्मरमुळे चित्र हलके डुलतही असते, ही बाब फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. मानेवरची चुंबकी कडी मात्र कोणी फिरवू नयेत. कारखान्यात बसवलेली ती जागा घरी परत सापडत नाही.

रंग उलगडणाऱ्या भागातले दोष आता थोडक्यात. रंग मुळीच नसतील आणि चित्र स्वच्छ असेल तर ४.४३ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल तपासावा, काही किटांत तो दुप्पट, म्हणजे ८.८६ मेगाहर्ट्‌झचा असतो. चेहरे हिरवे आणि गवत जांभळे दिसत असेल तर ओळीआड उलटा येणारा लालाचा संदेश संच चुकीच्या ओळीला सुलटा करतो आहे. रंगीत भागावर खिडकीच्या झडपांसारख्या आडव्या रेघा दिसल्या तर एक ओळ ६४ मायक्रोसेकंद थोपवून धरणाऱ्या काचेच्या डिले लाइनची जुळवणी बिघडलेली असते, आणि या रेघांना जर्मनीतल्या शहरावरून ‘हॅनोव्हर पट्ट्या’ असे नाव आहे. चित्र मिटून मध्ये एकच आडवी पांढरी रेघ उरली तर तो रंगाचा प्रश्नच नाही, किरण वरखाली नेणारा भाग बंद पडला आहे, आणि अशा वेळी उजेड ताबडतोब कमी केला नाही तर ती रेघ पडद्यावर कायमची जळून बसते.

ट्रान्झिस्टर, कंडेन्सर, कथिलाचा जोड यांपैकी काही असेल तर दुरुस्ती स्वस्तात होते आणि ती जरूर करावी. ट्यूब गेली असेल तर करू नये, कारण रंगीत पिक्चर ट्यूबचे उत्पादन जगभर थांबलेले आहे आणि जुन्या संचातून काढलेली ट्यूबही तितकीच थकलेली निघते. अशा संचाच्या काचेत शिसे असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जायला हवा, म्हणून योकमधल्या, म्हणजे मानेवरच्या वेटोळ्यांतल्या, तांब्यासाठी मान फोडणाऱ्या भंगारवाल्याच्या गाडीवर तो चढवू नये.